सुईवाटे आलेली कावीळ

कावीळ म्हटलं की आपल्या गावांत पहिला संशय येतो तो पाण्यावर. विहिरीत सांडपाणी झिरपलं असेल, नळाला गढूळ पाणी आलं असेल, जत्रेत बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला असेल. हा संशय खोटा नाही. दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारे कावीळीचे दोन विषाणू आहेत. डॉक्टर त्यांना हेपॅटायटिस 'ए' आणि हेपॅटायटिस 'ई' म्हणतात. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. अशी साथ डोळ्यांना दिसते. घरोघर पिवळे डोळे दिसतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात, पाणी उकळून प्या असं सांगत गाडी फिरते. चार-सहा आठवड्यांत बहुतेक रोगी बरे होतात. त्याचं श्रेय मग कधी कावीळीच्या माळेला मिळतं, तर कधी चुन्याच्या निवळीत हात धुवून कावीळ 'उतरवणाऱ्याला'.

पण आज मला बोलायचं आहे ते दुसऱ्या जातीच्या कावीळीविषयी. ती पाण्यातून येत नाही, रक्तातून येते. तिचे मुख्य विषाणू दोन, हेपॅटायटिस 'बी' आणि हेपॅटायटिस 'सी'. त्यातला 'सी' तर इतका गुपचूप येतो की बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत. माणूस शेतात राबत असतो, घर बांधतो, मुलांची लग्नं लावून देतो. आणि विषाणू शिरल्यावर वीस-तीस वर्षांनी एक दिवस पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते. घरचे म्हणतात, कालपरवापर्यंत तर ठणठणीत होते. यकृत मात्र आतून कधीच निबर झालेलं असतं.

आता साधा प्रश्न असा, की रक्तातून पसरणारा विषाणू खेड्यातल्या माणसापर्यंत पोहोचतो कसा? ज्याने आयुष्यात कधी रक्त घेतलं नाही, ज्याचं कधी ऑपरेशन झालं नाही, अशा शेतकऱ्याच्या रक्तात तो आला कुठून? या प्रश्नाचं सर्वांत मोठं आणि सर्वांत क्लेशकारक उत्तर विसाव्या शतकात नाईल नदीच्या काठी लिहिलं गेलं. इजिप्तच्या खेड्यांची ही कहाणी आहे. ती दूरची असली तरी आपल्या ओळखीची वाटेल.

कालवा आणि किडा

इजिप्त म्हणजे नाईल. हजारो वर्षं तिथली शेती नदीच्या पुरावर चालत असे. पूर यायचा, शेतं भरायची, पूर ओसरला की गाळात पेरणी व्हायची आणि उरलेलं वर्ष जमीन कोरडी राहायची. एकोणिसाव्या शतकात कापसाचं पीक आलं आणि त्याच्यासाठी बारमाही कालवे आले. १९०२ मध्ये आस्वानचं पहिलं धरण पुरं झालं, १९७० मध्ये आस्वानचं उंच धरण. पीक वाढलं आणि कालव्यांतून वर्षभर पाणी खेळू लागलं. त्या पाण्याबरोबर एक जुना शत्रूही वाढला.

त्याचं नाव बिलहार्झिया. रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या एका किड्यामुळे होणारा हा रोग. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्ये कैरोत हा किडा शोधला, म्हणून रोगाला त्याचं नाव पडलं. रोग मात्र फार पुरातन. १९१० मध्ये मार्क आर्मांड रफर यांना तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडात या किड्याची अंडी सापडली होती. रोग्याच्या लघवीतून किंवा शौचातून अंडी कालव्यात जातात, तिथल्या गोगलगायींमध्ये वाढतात आणि तिथून निघालेली सूक्ष्म पिल्लं पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पाणी पिण्याचीसुद्धा गरज नाही, पाय बुडाला तरी पुरे.

कालव्यात पाय न बुडवता इजिप्तच्या शेतकऱ्याचा दिवस जात नसे. शेताला पाणी देणं, जनावरं धुणं, बायकांची धुणीभांडी, पोरांचं डुंबणं, सगळं तिथेच. काही भागांत मुलग्याच्या लघवीतून रक्त जाणं इतकं सर्रास होतं, की ते वयात आल्याचं लक्षण समजलं जाई. किड्याच्या एका जातीने मूत्राशय बिघडे, दुसरीने यकृत आणि पाणथरी. इजिप्तमध्ये ज्याचा आवाज रेडिओवरून घराघरांत पोहोचला होता, तो गायक अब्देल हलीम हाफेझ शर्किया प्रांतातल्या एका खेड्यातला. लहानपणी कालव्यात खेळताना त्याला बिलहार्झिया झाला. आयुष्यभर तो यकृताच्या दुखण्याने बेजार राहिला आणि १९७७ मध्ये, वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी लंडनच्या रुग्णालयात वारला. त्याला उपचार मिळू शकले. त्याच कालव्यांत वाढलेल्या लाखो अनामिकांचं काय झालं असेल, याची कल्पना करावी.

जाता जाता सांगायला हवं, की महाराष्ट्रालाही या रोगाची ओळख आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीवाटे रक्त जाण्याच्या तक्रारींचा शोध घेताना हाच रोग आढळला आणि १९५२ मध्ये त्याची वैद्यकीय नोंद झाली. आपल्या सुदैवाने तो कोकणातल्या त्या छोट्या परिसरापुरताच राहिला. इजिप्तमध्ये मात्र तो देशाचा रोग होता.

टेबलावरची सिरिंज

या रोगावर पहिलं खरं औषध सापडलं ते १९१८ मध्ये. सुदानची राजधानी खार्तूम इथे काम करणाऱ्या ख्रिस्टोफरसन या ब्रिटिश डॉक्टरने दाखवून दिलं, की अँटिमनी या धातूचा एक क्षार शिरेतून दिला तर किडा मरतो. त्या क्षाराचं नाव टार्टर इमेटिक. 'इमेटिक' म्हणजे वांती करवणारं. नावातच त्याचा गुण आला. इंजेक्शन घेतल्यावर मळमळ, खोकला, कधी छातीत धडधड. शिरेबाहेर एक थेंब सांडला तर तिथलं मांस जळून निघे. आणि एका इंजेक्शनाने भागत नसे. साधारण १२ ते १६ इंजेक्शनं घ्यावी लागत, बहुधा आठवड्याला एक, आणि सगळी शिरेत.

तरीसुद्धा लोक येत. कारण पिढ्यान् पिढ्या ज्या रोगाला तोड नव्हती, त्यावर सरकार फुकट औषध देत होतं. १९२० च्या दशकापासून इजिप्तमध्ये हे उपचार सुरू झाले. १९५२ च्या क्रांतीनंतर खेडोपाडी आरोग्य केंद्रं उभी राहिली आणि १९५० च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षं या उपचारांना मोहिमेचं रूप आलं. लहान मुलं, बायका, म्हातारे रांगेत उभे राहत. एका गरीब, नुकत्याच स्वतंत्र बाण्याने उभ्या राहिलेल्या देशाने आपल्या सर्वांत दुर्लक्षित नागरिकांच्या दारापर्यंत औषध नेलं, ही गोष्ट लहान नव्हती. जगातले आरोग्यतज्ज्ञ या मोहिमेकडे कौतुकाने पाहत होते.

तिथे त्या काळी प्लॅस्टिकच्या, वापरून फेकून द्यायच्या सिरिंजा वापरात नव्हत्या. काचेच्या सिरिंजा, धातूच्या सुया. वापरायच्या, धुवायच्या, उकळायच्या, पुन्हा वापरायच्या. १९६४ च्या सुमाराला अशाच एका केंद्राला भेट देणाऱ्या एका तज्ज्ञाने जे पाहिलं ते लिहून ठेवलं आहे. डॉक्टरने सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी सुरुवात केली आणि दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत ५०४ जणांना इंजेक्शनं दिली. मध्ये दहा मिनिटं विश्रांती. म्हणजे एका माणसाला पाच सेकंदसुद्धा नाहीत. वापरलेली सिरिंज एका ताटात पडे, परिचारिका ती उचलून धुवे, मिनिट-दोन मिनिटं उकळे आणि ती पुन्हा डॉक्टरच्या हाती जाई. पाहणाऱ्याच्या नोंदीत डॉक्टरच्या हातोटीचं कौतुक आहे. त्या वेळी कोणालाही ते कौतुकच वाटलं असतं.

आज ते वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. शिरेत इंजेक्शन देताना सुई शिरेत नीट बसली की नाही हे पाहण्यासाठी दट्ट्या थोडा मागे ओढतात. सिरिंजेत थोडं रक्त येतं. म्हणजे प्रत्येक वेळी रोग्याचं रक्त सिरिंजेच्या आत जात होतं. मिनिटभर उकळून असा विषाणू मरेल याचा भरवसा नाही. त्याला वीसेक मिनिटं खळखळून उकळायला हवं, आणि पाचशेची रांग दारात उभी असताना वीस मिनिटं कोण थांबणार? रांगेतल्या एकाच्या रक्तात 'सी' विषाणू असला तर तो मागच्या कितीतरी जणांपर्यंत जाऊ शकत होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा रांग, पुन्हा तीच सिरिंज. असं बारा-सोळा वेळा.

पुस्तकात होतं, केंद्रात नव्हतं

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. हे कोणाला माहीत नव्हतं का?

हेपॅटायटिस 'सी' हा विषाणू तर नक्कीच माहीत नव्हता. तो ओळखला गेला १९८९ मध्ये. पण सुईतून कावीळ जाऊ शकते ही गोष्ट त्याच्या फार आधी ठाऊक झाली होती. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात १८८३-८४ मध्ये जहाजबांधणी कारखान्यातल्या १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली गेली. ती लस माणसाच्या फोडातल्या द्रवापासून केलेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना ती लस टोचली नव्हती ते सुखरूप राहिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकन सैनिकांना पीतज्वराची लस दिली गेली. तिच्यात माणसाच्या रक्तातला द्रव मिसळलेला होता. सुमारे ५०,००० सैनिक कावीळीने रुग्णालयात दाखल झाले. त्याच दशकात ब्रिटनमधल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत इंजेक्शनं घेणाऱ्यांना कावीळ होते आणि तिचं मूळ नीट न उकळलेल्या सिरिंजेत आहे, हे डॉक्टरांनी लिहून प्रसिद्ध केलं होतं.

म्हणजे ज्ञान होतं. पण ते पुस्तकात होतं, नियतकालिकांत होतं, लंडनच्या ग्रंथालयात होतं. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या आरोग्य केंद्रात स्टोव्हवर पाणी उकळत बसलेल्या परिचारिकेपर्यंत ते पोहोचलं नव्हतं. आणि तिला कोणी सांगितलं असतं तरी तिच्याकडे सिरिंजा किती होत्या? कोणाच्या मनात पाप नव्हतं, हे या कहाणीत पुनःपुन्हा सांगावं लागतं. डॉक्टर तळमळीचे होते, औषध खरं होतं, बिलहार्झियाने मरणारे अनेक जण त्या इंजेक्शनांनी वाचले. पण मोहिमेचं यश मोजताना आकडा मोजला गेला तो इंजेक्शनांचा. त्या इंजेक्शनांनी आणखी काय दिलं, हे मोजायची सोयच कुणी केलेली नव्हती.

एका रोगाच्या मागे दुसरा

१९७० च्या दशकाच्या अखेरीस प्राझिक्वांटेल हे नवं औषध आलं. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या, बहुधा एकच मात्रा, सुईची गरज नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टार्टर इमेटिकची इंजेक्शनं थांबली. पुढे दूरदर्शन संचावरून जाहिराती झाल्या, कालव्यात लघवी करू नका, पाण्यात उतरू नका, गोळ्या घ्या. बिलहार्झिया खरोखरच हटत गेला. मोहीम जिंकली असं वाटलं.

पण रुग्णालयांतल्या खाटा रिकाम्या होईनात. पोटात पाणी झालेले, रक्ताच्या उलट्या होणारे, चाळिशी-पन्नाशीचे शेतकरी येतच राहिले. डॉक्टरांकडे त्याचं सोपं उत्तर होतं. हा जुना बिलहार्झिया, लहानपणी झालेला, आता यकृतावर उठला आहे. उत्तर इतकं ओळखीचं होतं की कोणी प्रश्नच विचारला नाही. खेड्यातल्या लोकांनाही ते पटत होतं. त्यांनी आपल्या बापाला आणि आज्याला असंच जाताना पाहिलं होतं. एक रोग दुसऱ्या रोगाच्या मागे लपून बसला होता.

१९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हेपॅटायटिस 'सी'चा विषाणू ओळखला. याच कामासाठी पुढे २०२० मध्ये हॉटन यांना हार्वे आल्टर आणि चार्ल्स राइस यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. विषाणू सापडला तशी रक्ताची तपासणीही आली. १९९० च्या दशकात इजिप्तमधल्या रक्तदात्यांची ही तपासणी झाली तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांना धक्का बसला. युरोपात जिथे शंभरात जेमतेम एखादा सापडायचा, तिथे इजिप्तमध्ये शंभरात दहा, वीस, काही पाहण्यांत त्याहूनही जास्त. एवढं प्रमाण जगातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या देशात नव्हतं.

मग शोध सुरू झाला. वयाप्रमाणे आकडे मांडल्यावर एक गोष्ट उघड झाली. लहान मुलांत विषाणू कमी, पन्नाशीच्या लोकांत भरपूर. प्रदेशाप्रमाणे मांडल्यावर दुसरी. कैरो आणि अलेक्झांड्रिया या शहरांत कमी, त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यांत सर्वांत जास्त. २००० मध्ये क्रिस्टिना फ्रँक, थॉमस स्ट्रिकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक लेख लिहिला. त्यांनी जुन्या नोंदींवरून कोणत्या भागात, कोणत्या वयाच्या लोकांना किती टार्टर इमेटिक दिलं गेलं असेल याचा अंदाज काढला आणि तो विषाणूच्या प्रमाणाशेजारी ठेवून पाहिला. दोन्ही एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकून चालत होते. जिथे इंजेक्शनं जास्त, तिथे विषाणू जास्त. ज्या पिढीने इंजेक्शनं घेतली तिच्यात जास्त, गोळ्यांच्या काळात जन्मलेल्यांत कमी. विषाणूंच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी वेगळ्या वाटेने जाऊन तेच सांगितलं. इजिप्तमधला हा विषाणू विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून झपाट्याने फोफावला होता. आणि एकदा इतक्या लोकांच्या रक्तात तो भिनल्यावर, मोहीम थांबली तरी तो थांबला नाही. दाताच्या दवाखान्यात, न्हाव्याच्या वस्तऱ्यावर, साध्या तापाच्या इंजेक्शनात तो पुढे जात राहिला.

बरं करण्याच्या सुईनेच आजार पेरला होता. आणि ज्यांच्या शरीरात तो पेरला गेला त्या लोकांना हे कळेपर्यंत अर्धं आयुष्य उलटून गेलं होतं.

परतफेड

इथे ही कहाणी संपली असती तर ती केवळ दुःखाची झाली असती. पण तिचा उत्तरार्ध तितकाच ऐकण्यासारखा आहे.

अशा वेळी सरकारांची सहजप्रवृत्ती असते ती आकडे झाकण्याची. इजिप्तमध्ये ते पूर्णपणे झालं नाही. २००८ मध्ये देशव्यापी पाहणीत हजारो घरांतून रक्ताचे नमुने घेतले गेले. १५ ते ५९ वर्षं वयाच्या लोकांपैकी जवळजवळ १५ टक्क्यांच्या रक्तात या विषाणूच्या संसर्गाची खूण सापडली, आणि शहरांपेक्षा खेड्यांत ती जास्त होती. हा आकडा प्रसिद्ध झाला. उपचारांचा सरकारी कार्यक्रम २००६ पासून सुरू झालेला होता, पण तेव्हाचं औषध इंटरफेरॉन. तेही इंजेक्शन, तेही अनेक महिने, खर्च मोठा, त्रास मोठा आणि गुण येईलच असं नाही.

२०१३ च्या अखेरीस सोफोसबुवीर ही गोळी अमेरिकेत आली. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुसंख्य रोगी पूर्ण बरे होऊ लागले. पण अमेरिकेत त्या तीन महिन्यांची किंमत होती ८४,००० डॉलर, म्हणजे दिवसाच्या एका गोळीला हजार डॉलर. इजिप्तने कंपनीशी वाटाघाटी करून २०१४ मध्ये ती ९०० डॉलरवर आणली. पुढे देशातच औषध बनू लागलं आणि किंमत शंभर डॉलरच्याही खाली गेली.

मग ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत जगात कधी झाली नव्हती अशी तपासणी झाली. आरोग्य केंद्रांत, मशिदी आणि चर्चच्या आवारात, कारखान्यांत, स्थानकांवर लोक रांगेत उभे राहिले. बोटाला टोचून एक थेंब रक्त घ्यायचं, काही मिनिटांत उत्तर द्यायचं, आणि विषाणू सापडलाच तर फुकट गोळ्या द्यायच्या. जवळजवळ ५ कोटी प्रौढांची तपासणी झाली. या वेळी टोचणारी सुई एकदा वापरून टाकून देण्याची होती. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेपॅटायटिस 'सी'च्या निर्मूलनाच्या वाटेवर 'सुवर्ण' श्रेणी गाठणारा पहिला देश म्हणून इजिप्तला मान्यता दिली. बाधितांपैकी ८७ टक्के शोधले गेले होते आणि शोधलेल्यांपैकी ९३ टक्क्यांना उपचार मिळाले होते.

मला या आकड्यांपेक्षा रांगेची गोष्ट जास्त मोलाची वाटते. १९६४ मध्ये रांगेत उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा २०१८ मध्ये चौसष्ट वर्षांचा असेल. सरकारी सुईनेच त्याचा घात केला असण्याची शक्यता होती. तरी तो पुन्हा सरकारी रांगेत उभा राहिला. हा विश्वास फुकटचा नव्हता. काय झालं ते आधी मोजलं गेलं, ते जाहीर केलं गेलं, आणि मग औषध हाती ठेवलं गेलं. याच क्रमाने तो कमावला गेला. त्या आधी जे यकृताच्या रोगाने गेले त्यांना मात्र ही रांग भेटली नाही, हेही विसरता येत नाही.

आपल्या गावची सुई

हे सगळं ऐकून 'बिचारा इजिप्त' असं म्हणून आपण मोकळे होऊ नये. गोळी लिहून देणारा डॉक्टर आपल्याकडेही कच्चा समजला जातो. 'एक सुई मारा ना डॉक्टर, उद्या खुरपणीला जायचंय,' हे वाक्य कोणत्या गावच्या दवाखान्यात ऐकू येत नाही? सुई टोचली म्हणजे औषध 'लागतं', सलाईन लावली म्हणजे अंगात ताकद येते, ही समजूत खोल रुजलेली आहे. या शतकाच्या सुरुवातीला भारतभर झालेल्या एका पाहणीत वर्षाकाठी सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं दिली जातात असा अंदाज निघाला, आणि त्यांतली जवळजवळ दोन तृतीयांश या ना त्या कारणाने असुरक्षित ठरली. त्यांतल्या कितीतरी इंजेक्शनांची मुळात गरजच नव्हती.

२००९ मध्ये गुजरातच्या तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा परिसरात हेपॅटायटिस 'बी'ची साथ आली. अनेक माणसं दगावली. चौकशीत जे पुढे आलं ते वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याचं. म्हणजे काचेच्या सिरिंजेचा काळ संपल्यावरही, फेकून देण्यासाठीच बनवलेली सिरिंज फेकली जात नव्हती. पंजाबातल्या खेड्यांत हेपॅटायटिस 'सी'चं प्रमाण इतकं आढळलं, की २०१६ पासून तिथल्या सरकारने त्याच्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे, २०२२ मध्ये भारतात हेपॅटायटिस 'बी'चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि 'सी'चे ५५ लाख बाधित होते. यांतल्या बहुतेकांना आपल्या रक्तात काय आहे याची कल्पना नाही.

जमेच्या बाजूलाही काही आहे. हेपॅटायटिस 'बी'वर लस आहे. २०११ पासून ती देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आली. आईकडून बाळाला होणारा संसर्ग टाळायचा तर पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायला हवी. 'सी'वर लस नाही, पण गोळ्या आहेत, आणि त्यांनी तो बहुतेकांत पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तारीख मुद्दाम निवडलेली. २८ जुलै हा 'बी' विषाणूचा शोध लावणाऱ्या बरूच ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस, आणि जागतिक हेपॅटायटिस दिनही.

पण कार्यक्रम दिल्लीत सुरू होतो आणि सुई गावात टोचली जाते. मधलं अंतर आपल्यालाच तोडावं लागेल. डॉक्टरांना विचारावं, 'हे गोळीने भागेल का?' इंजेक्शन लागणारच असेल तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं. हा अविश्वास नव्हे, हा आपला हक्क आहे. दाढी करताना नवं पान लावायला सांगावं. जत्रेत गोंदवून घेणाऱ्या पोराला सुई कितव्यांदा वापरली जाते आहे ते विचारायला शिकवावं. पूर्वी कधी रक्त घेतलं असेल, डायलिसिस झालं असेल, दारोदार फिरणाऱ्या डॉक्टरकडून वर्षानुवर्षं सुया घेतल्या असतील, तर एकदा रक्त तपासून घ्यावं. डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नये. आणि तपासणीत काही निघालं तर घाबरून माळ बांधायला धावण्याऐवजी सरकारी रुग्णालयात जावं. हा रोग एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने होत नाही, म्हणून घरातल्या बाधित माणसाचं ताट वेगळं करायचं कारण नाही.

नाईलकाठच्या त्या केंद्रात पाच सेकंदांत एक इंजेक्शन दिलं जात होतं. तिथे कमी पडला तो चांगुलपणा नव्हे, कमी पडली ती वीस मिनिटं. सुई उकळायला लागणारी वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांची किंमत एका देशाने पन्नास वर्षं मोजली. आपल्याला तर आता वीस मिनिटंही लागत नाहीत. नवं पाकीट फोडायला फक्त दोन सेकंद लागतात. ती दोन सेकंदं आपण मागून घ्यायला हवीत.